कणा ताठ, पण हाड पोकळ

शेतात राबणाऱ्या माणसाला पाठदुखी नवी नाही. पेडण्यात काजूच्या हंगामात दिवसभर वाकून बोंडे वेचावीत, डिचोलीत कुळागराला पाणी द्यावे आणि रात्री पाठीला तेल चोळून झोपावे, हा आपला नेहमीचा क्रम. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत दर शंभरी सुमारे १८ जणांना हाडा-सांध्यांची दुखणी होती. अशी पुष्कळशी दुखणी श्रमाने वा वयाने येतात आणि विश्रांतीने उतरतात.

परंतु एक पाठदुखी याच्या उलट वागते. ती बहुधा विशी-तिशीत, हळूहळू सुरू होते. उत्तररात्री झोपमोड करते. सकाळी अर्धा तास किंवा अधिक वेळ पाठ आखडलेली राहते. विश्रांतीने ती वाढते, हालचालीने कमी होते. असे तीन महिन्यांहून अधिक चालले, तर तो मणक्यांचा दाहक संधिवात असू शकतो. डॉक्टर त्याला ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’ म्हणतात. एचएलए-बी २७ या आनुवंशिक खुणेशी त्याचा संबंध १९७३ साली उघड झाला. मात्र ही खूण असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

या रोगात हाडांचे दुहेरी नुकसान होते. मणक्यांच्या कडांना नवे हाड फुटते व कालांतराने मणके एकमेकांना जोडले जाऊन कणा बांबूसारखा ताठ होतो. हाड वाढले म्हणजे बळकट झाले, असे आपल्याला वाटेल. पण त्याच वेळी दाहामुळे मणक्याच्या आतले हाड झिजून विरळ होते. वाळवी लागलेला वासा बाहेरून अखंड दिसतो, तसेच हे. ही झीज म्हातारपणाची वाट पाहत नाही. तरुण पुरुषांतही ती रोगाच्या पहिल्या काही वर्षांत दिसू लागते. हाडांची घनता मोजताना कण्यावरचे वाढीव हाड मापात येऊन आकडा फसवा निघू शकतो. म्हणून खुब्याच्या हाडाचेही मोजमाप करावे लागते.

निरोगी कणा धक्का बसला की थोडा वाकतो. जखडलेला कणा वाळक्या काठीसारखा मोडतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरण्याचे निमित्तही त्याला पुरते, आणि मज्जारज्जूला इजा झाली तर हातपाय लुळे पडू शकतात. म्हणून अशा रुग्णाला पडल्यावर नवी दुखी जाणवली, तर तिला मुरगळा समजू नये. त्याला ओढून उठवू नये. मान पूर्वीपासून वाकलेली असेल तर ती सरळ करू नये. उशी देऊन आहे तशीच ठेवावी. इस्पितळात ‘याचा कणा जखडलेला आहे’ हे आधी सांगावे, कारण साध्या क्ष-किरण चित्रात असा मोड सुटू शकतो. सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो.

हाडे राखण्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. दाह आटोक्यात ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे. नाव नसलेल्या पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टिरॉइड असू शकते आणि दीर्घकाळ घेतल्यास ते हाडे आणखी झिजवते.

२. पाठ ताणण्याचे व खोल श्वासाचे व्यायाम रोज करावेत. चालावे. कणा जखडलेला असल्यास झटके देणारी मालीश व हाड बसवणाऱ्याचे उपचार टाळावेत. तशा माणसाने माडावरही चढू नये.

३. प्रौढास दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठातून सुमारे १७५, तर २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. काट्यासकट खाल्लेली लहान मासळी व तीळ हेही उत्तम. भरडावर नाचणीचा एक वाफा राखावा.

४. दुखण्यामुळे घरात बसून राहणाऱ्याला ऊन मिळत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व कमी आहे का, ते तपासून घ्यावे.

५. विडी-सिगारेट सोडावी. उर्राक व फेणीही आवरावी. दारू हाड झिजवते आणि तोलही घालवते.

६. न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा, रात्री वाटेवर दिवा ठेवावा.

घरातला तरुण मुलगा सकाळी वाकून, भिंत धरून उठत असेल आणि दुपारी मात्र हिंडत-फिरत असेल, तर त्याला आळशी म्हणून बोल लावू नये. या रोगाची रीतच तशी आहे. त्याला आपल्या आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून गरजेप्रमाणे म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे. जडलेला कणा औषधाने पुन्हा सुटा होत नाही; म्हणून ही तपासणी कणा हलतो आहे तोवरच करून घ्यावी.