कानातली हाडं पुन्हा जोडताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. कान फुटलेली पोरं तलावात डुंबतात आणि घरचे म्हणतात, "मोठा झाला की कान वाहायचा थांबेल." पण वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडं झिजतात. रक्तपुरवठा कमी असल्यामुळे बहुधा ऐरणीचं टोक आधी जातं. साखळी तुटते आणि आवाज आत पोहोचत नाही.

गैरसमज: नवं हाड मांडीतून काढतात किंवा मृताचं बसवतात.
वस्तुस्थिती: बहुतेकदा रुग्णाची स्वतःची ऐरणच कामी येते. सूक्ष्मदर्शकाखाली ती बारीक ड्रिलने तासतात, रिकिबीच्या डोक्यावर बसेल अशी खोबण पाडतात आणि हातोडीखाली टेकवतात. ही पद्धत १९५७ पासूनची आहे. ऐरणीला कोलेस्टिॲटोमा हा हाड पोखरणारा रोग चिकटला असेल, तर ती सहसा परत वापरत नाहीत. मग कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्यातली कूर्चा किंवा कानामागच्या हाडाचा तुकडा घेतात. दात्याची हाडं पूर्वी वापरत, पण संसर्गाच्या धोक्यामुळे ती मागे पडली.

गैरसमज: टायटॅनियमचं कृत्रिम हाड महाग, म्हणून तेच उत्तम.
वस्तुस्थिती: टायटॅनियम हलकं आणि टिकाऊ असतं, पण पडद्याला थेट टेकलं तर बाहेर सरकू शकतं. म्हणून मध्ये कूर्चेची चकती ठेवतात. किती ऐकू येईल, हे रिकीब शाबूत आहे का, कान कोरडा आहे का आणि मध्यकर्णात हवा खेळते का, यावर जास्त अवलंबून असतं.

गैरसमज: कानात धातू असला की एमआरआय कायमचा बंद.
वस्तुस्थिती: टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. त्यामुळे सहसा अडचण येत नाही. तरी शस्त्रक्रियेचं कार्ड जपून ठेवावं आणि तपासणीआधी दाखवावं.

गैरसमज: हाड बसवलं की कोणताही बहिरेपणा जातो.
वस्तुस्थिती: राइस मिलच्या गोंगाटात वर्षं काढलेल्या कामगाराच्या अंतःकर्णातल्या केशपेशी निकामी झालेल्या असू शकतात. तिथे हाड बसवून उपयोग नाही. त्याला आवाजरोधक आणि श्रवणयंत्र लागतं. नेमका दोष कुठे आहे, हे ऑडिओमेट्री या श्रवणचाचणीत कळतं.

वाहत्या कानात तेल टाकू नका, डुबकी मारू देऊ नका. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात वेळीच दाखवा. हाडं शाबूत असतानाच उपचार झाले, तर कशाचं हाड बसवायचं हा प्रश्नच उरत नाही.