सर्वकामी भिंग : घ्यावें कीं न घ्यावें?

अंधेरीचा आमचा भाचा नोकरीस लागून नुकतें वर्ष झालें. वर्षभराच्या शिलकींतून चोवीस ते सत्तर मिलिमीटरची झूम लेन्स घ्यावी असा त्याचा मनसुबा होता, व आमचें मत घेण्यासाठीं तो मागील रविवारीं बोरिवलीस आला. 'मामा, एवढी एक घेतली कीं दुसरें कांहींच लागणार नाहीं ना?' या प्रश्नानें आम्ही जरा सावध झालों. चांगल्या जातीची ही लेन्स पुष्कळदां कॅमेऱ्याहूनहि महाग पडते, आणि पहिल्या वर्षाची शिल्लक माणसास एकदांच खर्चितां येते.

या लेन्सचें आकर्षण खोटें मात्र नव्हे. भिंगाचें नाभीय अंतर जितकें कमी तितकें दृश्य विस्तृत. जितकें जास्त तितकें तें जवळ ओढलेलें. पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या संवेदकावर चोवीसचें भिंग सुमारें ८४ अंशांचा कोन पाहतें, तर सत्तरचें अवघे ३४. एक कडें फिरवितांच हा सगळा पल्ला हातीं येतो. ३५ मिलिमीटरच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठीं अशी पहिली लेन्स फोग्टलेंडर कंपनीनें १९५९ सालीं बाजारांत आणली. तत्पूर्वीं छायाचित्रकारानें एक तर स्वतःच्या पायांनीं पुढें-मागें व्हावें, नाहीं तर भिंग बदलावें.

भिंग बदलण्याचें फळ आम्ही स्वतः भोगलें आहे. मुलुंडच्या एका कार्यालयांत थोरल्या पुतण्याची मुंज होती. मातृभोजनाच्या वेळीं पंगतीचें रुंद चित्र घेऊन, आतां चेहरे टिपावे म्हणून आम्ही पिशवींतून लांबचें भिंग काढीत होतों. तेवढ्यांत बटूनें ताटांतला घास उचलून आईच्या तोंडांत घातला, आणि शेजारीं बसलेल्या आजीनें पदर डोळ्यांस लावला. आम्ही मान वर केली तों सारें आटोपलें होतें. तें चित्र वहिनी अद्याप मागतात. ज्यांचें छायाचित्रण मुख्यतः घरच्या कार्यांचें, त्यांना या लेन्सची योग्यता निराळी सांगावयास नको.

पण ती सर्वत्र चालेल असें नाहीं. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरींत दोन उत्तुंग बुद्धमूर्ति आहेत. तेथें जागा थोडी, म्हणून चोवीसचें टोक फार उपयोगी; परंतु आंत चैत्यगृहांत शिरलें कीं उजेड सरतो. एफ १.८ छिद्राच्या साध्या, स्वस्त भिंगांतून एफ ४ च्या झूमपेक्षां जवळजवळ पांचपट प्रकाश येतो. एफ २.८ ची भारी झूमहि त्याच्या मागेंच राहते, आणि मानेस जाचते ती निराळीच. लेन्समध्यें कंपन-निरोधक यंत्रणा असल्यास दगडी स्तूप मंद उजेडांतहि स्वच्छ येईल; त्याभोंवतीं धांवणारें पोर मात्र पुसटच येणार, कारण यंत्रणा आपला हात आवरते, पोराला नव्हे! भांडुपच्या खाडीकांठीं रोहित पक्षी पाहावयास जाणाऱ्यानें तर सत्तरवर भिस्त ठेवूंच नये.

म्हणून आम्ही भाच्यास गेल्या वर्षाचीं चित्रें संगणकावर उघडावयास सांगितलें. प्रत्येक चित्र कोणत्या नाभीय अंतरावर काढलें याची नोंद कॅमेरा आपोआप ठेवतो; ती मोजून पाहण्याची तसदी मात्र फारसें कोणी घेत नाहीं. त्याच्याजवळ कॅमेऱ्याबरोबर आलेली अठरा ते पंचावन्नची लेन्स होती, आणि निम्म्याहून अधिक चित्रें नेमक्या अठरावरचीं निघालीं. बहुतेक गिल्बर्ट टेकडीचीं. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा तो स्तंभाकार कडा आतां इमारतींनीं असा वेढला आहे कीं मागें सरावयास जागा उरलेली नाहीं.

भाच्याच्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान, दीडपटीच्या हिशेबाचा. त्यावर अठराचें भिंग सत्तावीससारखें वागतें, आणि चोवीसचें छत्तीससारखें. म्हणजे एवढी रक्कम ओतून त्याच्या आवडीचीच चित्रें दुरावणार होतीं! त्याचा चेहरा उतरला. सोळापासून सुरू होणारी, लहान संवेदकासाठींच बनविलेली झूम बऱ्याच कमी किमतींत मिळते हें दाखविल्यावर तो थोडा सांवरला. तीहि लगेच घेऊं नये, आधीं दोन दिवस भाड्यानें आणावी, असें ठरलें. पुढील महिन्यांत घाटकोपरला धाकट्या पुतण्याची मुंज आहे. मातृभोजनास ती लेन्स लावून भाचा उभा राहणार, आणि आम्ही आमची पिशवी घरींच ठेवणार आहों.