पाटीवरचा क्रमांक

मुंबईच्या कोणत्याही उपनगरात स्थानकापासून घरापर्यंत चालत जाणाऱ्या नागरिकाने वाटेतील झाडांच्या बुंध्यांकडे आणि विजेच्या खांबांकडे एकदा नीट पाहावे. खिळ्यांनी ठोकलेल्या आणि तारेने आवळलेल्या पत्र्याच्या लहान लहान पाट्या त्यास दिसतील. 'खोली भाड्याने देणे आहे', 'फ्लॅट विकणे आहे', आणि खाली ठळक अक्षरांत एक दूरध्वनी क्रमांक. नाव बहुधा नसतेच.

या पाट्यांना आळा घालण्यास कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ३२८ व ३२८अ यांनुसार जाहिरातफलकास आयुक्तांची परवानगी लागते. भिंत, खांब वा झाड विद्रूप करणाऱ्यास १९९५ च्या राज्य कायद्यान्वये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. झाडास खिळा ठोकणाऱ्याने १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदाही वाचावा. त्याच्या व्याख्येत झाडास इजा करणे हेदेखील ते तोडण्यातच जमा होते. बेकायदा फलकांविरुद्ध महापालिकांनी काय करावे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विस्ताराने सांगितले. तरीही १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जो फलक कोसळून सतरा माणसे प्राणास मुकली, तो १२० फूट लांब व तितकाच उंच होता. महापालिकेची मर्यादा होती ४० फुटांची! पत्र्याची पाटी आणि तो राक्षसी सांगाडा यांत आकाराचे अंतर मोठे असले, तरी दोहोंचे मूळ एकाच बेपर्वाईत आहे.

आता त्याच रस्त्यावरील दुसऱ्या दलालाकडे पाहा. त्याने लहानसा गाळा घेऊन दारावर पाटी लावली आहे. नव्या प्रकल्पांतील घरे विकावयाची, तर स्थावर संपदा कायद्यानुसार त्यास नोंदणी करावी लागते. न केल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापणे त्यास बंधनकारक आहे. २०२३ पासून त्याच्यामागे प्रशिक्षण आणि परीक्षाही लागली. दारावरची पाटी मराठीत हवी, आणि मराठी अक्षरे इतर लिपीहून लहान नकोत, हेही २०२२ च्या दुरुस्तीने ठरले. यांतील एकही नियम आम्हांस गैर वाटत नाही. घर घेणारा आयुष्याची पुंजी पणास लावीत असतो. त्याच्याशी व्यवहार करणारा कोण आहे, हे त्यास कळलेच पाहिजे.

आमची तक्रार निराळी आहे. नियमांचा सारा भार दार असलेल्यावर पडतो आणि ज्याला दारच नाही तो मोकळा राहतो. त्यातही भाड्याची आणि जुनी घरे दाखविणारा दलाल या नोंदणीच्या कक्षेबाहेरच आहे. रात्रीतून पाटी ठोकावी, आगाऊ रक्कम घ्यावी आणि क्रमांक बंद करावा, हा त्याला सहज साधणारा मार्ग आहे. परगावाहून नोकरीसाठी आलेला तरुण त्यास बळी पडतो आणि बदनाम मात्र सारा धंदा होतो.

अपराधी सापडत नाही, ही अधिकाऱ्यांची सबब येथे टिकणारी नाही. गुन्ह्याच्या जागी स्वहस्ते आपला क्रमांक लिहून ठेवणारा असा अपराधी दुसरा कोणता? पाटी काढून गाडीत टाकणे ही अर्धी कारवाई होय. त्या क्रमांकाच्या धन्यास शोधून खटला भरणे ही उरलेली अर्धी. ती होत नाही, म्हणून आज काढलेली पाटी उद्या पुन्हा झाडावर चढते. प्रतिस्पर्ध्याने खोडसाळपणे आपला क्रमांक लिहिला, असा बचाव कोणी केला, तर त्याची शहानिशा चौकशीत होईलच.

मात्र केवळ दंडाने हा प्रश्न सुटणार नाही. वृत्तपत्रांतील जाहिरात लहान दलालास परवडतेच असे नाही, हे जाहिरातींवर चालणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. महापालिकेने प्रत्येक विभागात माफक शुल्काचे सूचनाफलक उभारावेत आणि नाव, पत्ता व ओळख पडताळल्यावाचून तेथे एकही पाटी लावू देऊ नये. प्रामाणिक दलालास जागा मिळेल, भाडेकरूस माणसाचे नाव मिळेल आणि झाडांचे खिळे सुटतील. कायद्याचे पालन करणारा तोट्यात आणि मोडणारा फायद्यात, हा उलटा हिशेब महापालिकेने आता तरी सुलटा करावा.