क्लच लिव्हरची मोकळी चाल

सोनगीरहून माल लादून धुळ्याकडे निघालेली शंभर सीसीची मोटारसायकल चढावर नुसती गुरगुरते. इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही. ‘पिकअप गेला’ म्हणत लोक इंजिन खोलायच्या गोष्टी करू लागतात. पुष्कळदा दुखणं डाव्या मुठीत असतं: कुणीतरी क्लचची वायर ‘मस्त टाइट’ करून दिलेली असते आणि क्लच घसरत असतो.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच असतात. एक अस्तराची, एक साधी पोलादी, पुन्हा अस्तराची, अशी भाकरींसारखी चवड. वरून स्प्रिंगांचा दाब. अस्तराच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात, पोलादी प्लेटा गिअरबॉक्सला जोडलेल्या असतात. पण एवढ्या प्लेटा कशाला? गिलोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1699 मध्ये मांडलेल्या नियमानुसार घर्षण दाबावर ठरतं, टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर नाही. म्हणजे अस्तराची पट्टी नुसती रुंद करून फारसं काही हाती लागत नाही. चवड लावली की मात्र तोच दाब प्रत्येक जोडीवर पुरेपूर पडतो. अस्तराच्या चार प्लेटा असतील तर घासणाऱ्या बाजू आठ, आणि पकडही जवळपास आठपट.

लिव्हर ओढला की हा दाब सुटतो. सोडल्यावर तो पुरता परत यायला हवा, म्हणून वायरीत थोडी ढील ठेवावीच लागते. गंमत अशी, की वायर ताणली गेली की ही ढील वाढते. उलट प्लेटा झिजल्या की चवड पातळ होते आणि ढील कमी होते. लिव्हर आपोआप घट्ट होत चालला असेल तर खूश होण्यासारखं त्यात काही नाही.

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव; धातूचा अंदाज इथे हातालाच असतो. क्लचसाठी मात्र पट्टी घ्या. इंजिन बंद आणि थंड असताना लिव्हर बोटाने हलकेच ओढा. जोर लागायला सुरुवात होईपर्यंत त्याचं टोक साधारण 10 ते 20 मिलिमीटर सरकायला हवं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. थोडाच फरक असेल तर लिव्हरजवळचा अॅडजस्टर फिरवा. फरक जास्त असेल तर वरचा अॅडजस्टर आत घेऊन, इंजिनाकडच्या टोकाचा चेकनट सैल करून तिथे चाल जुळवा आणि चेकनट पुन्हा आवळा. वरचा अॅडजस्टर आटे संपेपर्यंत बाहेर काढून ठेवणं ही वाईट सवय; तो तिथेच मोडतो.

मग गाडी सुरू करा, लिव्हर पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. गाडी पुढे सरकू पाहत असेल किंवा न्यूट्रल सापडत नसेल, तर ढील जास्त आहे. चाल बरोबर असूनही चढावर क्लच घसरत असेल, तर प्लेटा तपासायला गाडी मेकॅनिककडे न्यावी.

त्याआधी ऑइल आठवा. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारच्या इंजिनाला ती चालतात, ऑइलमधल्या क्लचला नाहीत. मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ छापलेलं बघूनच ऑइल घ्या. स्कूटरचं ‘एमबी’ कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.