बोनाफाईड नसलेली मुलं

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. शाळेनं दिलेली यादी हातात, मूल छत्री सांभाळत मागे, आणि काउंटरवरचा माणूस यत्ता विचारून गठ्ठा बांधून देतो. मुलांना घरीच शिकवणारी आमच्यासारखी घरंही तीच पुस्तकं घेतात, फक्त जुलै उजाडून गर्दी ओसरल्यावर. दुकानदारानं शाळा विचारली की आमची थोरली सरळ सांगते, ‘घरी शिकते.’ ती बारा वर्षांची, धाकटा आठचा. दुकानदाराला गिऱ्हाईक दिसतं, तो कव्हरं हवीत का एवढंच विचारतो. लग्नात, बारशाला किंवा सोसायटीच्या गेटवर याच उत्तरापायी अर्धा तास जातो.

पहिला प्रश्न असतो, हे कायद्यात बसतं का? उत्तर थोडं तिरपागडं आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि मुलाला शिकायची संधी देणं हे आईबापांच्या कर्तव्यांत घातलं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमानुसार मुलाला शाळेत दाखल करणं पालकाचं कर्तव्य आहे. मात्र तसं न केल्यास शिक्षा सांगितलेली नाही. ‘सक्तीचं’ या शब्दातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे: शाळा काढा, मूल आणा, टिकवा. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय गेला, तेव्हा केंद्र सरकारनं स्वखुशीनं घरी शिकवणाऱ्यांना आडकाठी नसल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि पुढे त्या भूमिकेवरून मागे आलं. तेव्हापासून होमस्कूलिंग ना मान्य ना गुन्हा अशा अवस्थेत आहे. नोंदणीची व्यवस्था नसल्यानं अशी कुटुंबं किती, हेही कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. सरकारी कागदावर आमची मुलं ‘शाळाबाह्य’. ४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एकदिवसीय सर्वेक्षण झालं आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. वीटभट्टीवरचं मूल, उसाच्या फडातलं मूल आणि घरात तीन कपाटं पुस्तकं असलेलं मूल, तिघांनाही लागू होणारा शब्द एकच.

आमच्याकडे असं संशयानं पाहिलं जातं, त्याचा मला राग येत नाही. ‘पोरगी घरीच शिकते’ या वाक्याचा अर्थ अनेक घरांत ‘भांडी घासते, भावंडं सांभाळते आणि पंधराव्या वर्षी उजवली जाते’ असा होतो. ते वाक्य सरकारनं विनातपास मान्य करू नये. होमस्कूलिंग करणारी बहुतेक घरं शहरी, शिकलेली आणि एका पगारावर भागवू शकणारी असतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. दोन पगारांतला एक सोडता येणं ही चैनच आहे, मग त्यापायी गाडी जुनी राहिली तरी.

दुसरा प्रश्न अभ्यासक्रमाचा, आणि तो खरा खोल आहे. नव्यानं सुरुवात करणारं घर हमखास वेळापत्रक लावतं: आठ ते पावणेनऊ मराठी, पावणेनऊ ते साडेनऊ गणित. भिंतीवर फळा, मुलाला दप्तर. असं वेळापत्रक सहसा गणपतीपर्यंत टिकतं. तासिका हे चाळीस मुलं आणि एक शिक्षक यांच्या सोयीचं माप आहे. एका मुलासमोर एक मोठं माणूस बसलं की चाळीस मिनिटांचं गणित बऱ्याचदा पंधरात उरकतं, आणि एखाद्या दिवशी दोन तासांतही उरकत नाही. आमच्याकडे टेबलाशी बसून होणारा अभ्यास दोन-अडीच तासांचा, तोही दुपारच्या जेवणाआधी. रोज होणाऱ्या गोष्टी मोजक्या: गणित, मोठ्यानं वाचन, आणि स्वतःच्या मनानं लिहिलेलं अर्धं पान. बाकी विषय आठवड्यावर सोडलेले.

मग नियोजन कशाचं करायचं? माझं उत्तर ऐकून माणसं हिरमुसतात: मोठ्यांच्या वेळेचं. मूल शिकायला तयारच असतं. गोची होते ती आईची मीटिंग, बाबांची डेडलाईन आणि गॅसवरची आमटी एकाच वेळी आल्यावर. म्हणून आमचा आराखडा कालनिर्णयवर आहे. मंगळवार-गुरुवार बाबा घरून काम करतात, तेव्हा इंग्रजी आणि प्रयोग त्यांच्याकडे. पाढे आजोबांकडे, कारण त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अजून तोंडपाठ आहे आणि हे भांडार आमच्या पिढीत कुणाकडे नाही. गौरी-गणपतीचा आठवडा, दिवाळी आणि एखादं लग्न आधीच खोडून टाकलेलं. शुक्रवारी चार-पाच घरं कुणाकडे तरी जमतात. आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून जी खेळणी घडवली, त्यांतलं एखादं करून बघायचं आणि ते का चालत नाही यावर भांडायचं, हा त्या दिवसाचा अभ्यासक्रम.

पाठ्यपुस्तक नाकारलेलं नाही. बालभारतीची पुस्तकं स्वस्त आहेत, पीडीएफ फुकट मिळतात, आणि ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंकही वाचायला खुले आहेत. मराठी लेखनासाठी माधुरी पुरंदऱ्यांचं ‘लिहावे नेटके’ इतकं नेटकं आहे की आईलाच त्यातून ऱ्हस्व-दीर्घ नव्यानं शिकायला मिळतं. पण आम्ही पुस्तक पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत नेत नाही. वर्षाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका आणि पुस्तकातल्या ‘अध्ययन निष्पत्ती’चं पान छापून फाईलला लावायचं. रोज रात्री वहीत चार ओळी लिहायच्या: आज काय झालं. महिनाअखेरीला वही आणि अनुक्रमणिका शेजारी ठेवून खुणा करायच्या. म्हणजे योजना पुढची कमी, मागची जास्त. चार्टर्ड अकाउंटंट करतात तो ताळेबंद म्हणा हवं तर.

एक उदाहरण सविस्तर सांगते. मेमध्ये विजेचं बिल फुगलं आणि सासूबाईंनी नेहमीचं सांगितलं, ‘शंभरावर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दरानं लागतं.’ हे निम्म्या महाराष्ट्राचं मत असावं. थोरलीनं बिल पालथं करून दरांचा तक्ता काढला. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं एका दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढची चौथ्या दरानं. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना. आजीचं म्हणणं खोटं ठरलं, या आनंदात तिनं हिशेब मांडला, तर तो बिलाशी जुळेना. स्थिर आकार धरला नव्हता. तो धरला, तरी जुळेना. मग वहन आकार सापडला, इंधन समायोजन आकार सापडला, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. सोळा टक्के काढताना आजोबांनी कागदाला हात लावला नाही: दशांश काढ, त्याची निमकी मिळव, वर शेकड्याला एक. तिनं दशांश चिन्ह एक घर पुढे-मागे करत तेच पडताळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं गिझरवरचा आकडा वाचला. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळतं. बाबांच्या अंघोळीचा खर्च जेवणाच्या टेबलावर जाहीर झाला.

तिथून ‘वीज येते कुठून’ हा प्रश्न आपसूक आला आणि नकाशा उघडला. कोयना कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी खरं तर बंगालच्या उपसागराकडे जाणारं. वीज करण्यासाठी शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, सह्याद्रीच्या उंचीचा फायदा घेत खाली जनित्रांवर सोडलं आणि पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला दिलं. पूर्वेची नदी पश्चिमेला जाते हे धाकट्याला इतकं अन्यायाचं वाटलं की त्यानं कृष्णेच्या बाजूनं वकिली केली. सासूबाई मूळच्या कराडच्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या शाळकरी होत्या. थाळ्या कशा पडल्या, नंतर लोक किती रात्री अंगणात झोपले, हे त्यांनी नातीला सांगितलं आणि नातीनं ते मुलाखत म्हणून लिहून घेतलं. युनिटवरून हरलेली आजी भूकंपावर जिंकली.

महिनाअखेरीच्या खुणांमध्ये दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, विद्युत ऊर्जा, नद्या, भूकंप आणि मुलाखत-लेखन एवढं बसलं. त्याच महिन्यात नागरिकशास्त्राचा रकाना रिकामा राहिला आणि इंग्रजी स्पेलिंगची बोंब होती. मागची योजना या कामासाठीच हवी. तिच्यातली रिकामी घरं पाहून पुढचा महिना ठरतो. जूनमध्ये रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार घेऊन थोरली क्षेत्रीय कार्यालयात गेली. पोच घ्यायची असते, हे पाठ्यपुस्तकात नसलेलं नागरिकशास्त्र तिला तिथल्या शिपायानं शिकवलं.

परीक्षांचं काय? इथे वाटा आहेत, आणि लोकांना वाटतात त्यापेक्षा जुन्या आहेत. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालेली मुक्त शाळा १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. तीच आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘एनआयओएस’. दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय, त्यांत किमान एक भाषा. माध्यम मराठीही घेता येतं. गणित सक्तीचं नाही, हे ऐकून सगळ्यात जास्त माना वळतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा. त्यामुळे पाच विषय एकदम द्यायचे की दोन-दोन करून, हे घर ठरवू शकतं, आणि इथे मात्र पुढची योजना काटेकोर लागते. गृहपाठाच्या उत्तरपत्रिकांची मुदत, अभ्यासकेंद्र, प्रात्यक्षिकं, फॉर्मच्या तारखा: यांत चूक झाली की सहा महिने गेले. महाराष्ट्रात राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीपासून परीक्षा घेतं. शिवाय आपल्या बोर्डाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. शाळा अर्धवट सुटलेल्या किती कामगारांनी आणि गृहिणींनी या फॉर्मवर दहावी काढली असेल!

तरी पुढे ठेचा लागतात. मुक्त विद्यालयाची बारावी वैद्यकीय प्रवेशाला चालते की नाही हा वाद कित्येक वर्षं न्यायालयांत रेंगाळला. २०१६ मध्ये मुंबईतल्या घरी शिकलेल्या एका मुलीला अमेरिकेतल्या एमआयटीनं प्रवेश दिला, कारण तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडची पदकं होती. आयआयटीत मात्र बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं तिला दार बंद होतं. ही कथा होमस्कूलिंगच्या बैठकीत अभिमानानं सांगतात. मला तिच्यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. एक पदकवाली निघाली म्हणून बाकीच्यांनी प्रमाणपत्राकडे पाठ फिरवावी, असं मी कुणालाही सांगणार नाही.

याबाबत गांधीजींच्या घराचा दाखला द्यायला हवा, आणि तो आमच्या बाजूचा नाही. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना रूढ शाळांपासून दूर ठेवून आपल्या पद्धतीनं शिकवलं. वेळ मात्र पुरला नाही, हे त्यांनी आत्मकथेत मान्य केलं आहे. थोरल्या हरिलालला औपचारिक शिक्षण नाकारल्याचा सल आयुष्यभर राहिला. मुलाच्या वतीनं बापानं घेतलेला तत्त्वनिष्ठ निर्णय मुलाला मान्य असेलच असं नाही. म्हणून आमच्याकडे दर मार्चला मुलांना विचारतो: पुढच्या वर्षी शाळेत जायचं का?

‘यांना मित्र कुठून मिळणार?’ हा प्रश्न काकवांचा लाडका. सकाळी अकराला सोसायटीचं मैदान रिकामं असतं हे खरं, पण आताशा ते संध्याकाळी सहालाही रिकामंच असतं, कारण शाळेतली मुलं क्लासला गेलेली असतात. आमच्या मुलांना खेळगडी मिळतात ते साडेसातनंतर, जेवायच्या वेळेला. त्यामुळे आमचं जेवण नऊवर गेलंय.

खरी अडचण कागदाची. चित्रकला स्पर्धा, शिष्यवृत्ती, प्रवासाची सवलत, सगळीकडे बोनाफाईड मागतात. एका स्पर्धेच्या फॉर्मवर ‘शाळेचा शिक्का’ या चौकोनात धाकट्यानं बटाट्याचा ठसा उमटवला होता. फॉर्म परत आला.

या मार्चला थोरली शाळेला ‘हो’ म्हणाली. कारण शैक्षणिक नाही: तिला खो-खो खेळायचा आहे आणि शालेय स्पर्धेत शाळेशिवाय उतरता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याचं चौथं कलम अशा वेळी कामी येतं. कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवणीचा हक्कही. पहिल्या शाळेनं दाखला नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं कलम स्वतःच सांगितलं, फाईल चाळली, विजेच्या बिलाचं पान वाचून हसल्या, आणि सातवीच्या हजेरीपटावर नाव घातलं. इंग्रजी स्पेलिंगसाठी शनिवारी अर्धा तास जादा बसावं लागेल म्हणाल्या. धाकटा अजून ‘नाही’ म्हणतोय. त्याच्या फाईलला तिसरीची अनुक्रमणिका लावून झाली आहे. मंगळवारचे बाबा आता त्याला एकट्याला मिळतील, आणि ही वाटणी आपल्या फायद्याची आहे हे त्यानं ताईला ऐकवूनही झालंय.