प्राणने नाकारलेली बाहुली

दुपारी दीडला आमच्या शाखेत डबे उघडले की दोन विषय हमखास निघायचे : महागाई भत्ता आणि हिंदी सिनेमाची गाणी. पहिल्यात सगळ्यांचे एकमत. दुसऱ्यात एका बाजूला आमचे हेड कॅशियर आणि दुसऱ्या बाजूला आम्ही उरलेले सगळे. ते शंकर-जयकिशनचे कट्टर भक्त. कुणी नुसते 'पाकीझा' म्हणायचा अवकाश, त्यांचा घास हातातच राहायचा!

१९७२ साली 'पाकीझा' आणि 'बेईमान' दोन्ही आले. १९७३ च्या फिल्मफेअर सोहळ्यात संगीताची बाहुली गेली 'बेईमान'ला, म्हणजे शंकर-जयकिशनना. तीही 'पहचान' आणि 'मेरा नाम जोकर'नंतर लागोपाठ तिसऱ्यांदा. सहायक अभिनेत्याचे पारितोषिक त्याच 'बेईमान'साठी प्राणला जाहीर झाले होते. त्याने ते नाकारले. का, तर संगीताचा मान 'पाकीझा'च्या गुलाम मोहंमदांचा होता म्हणून. आपल्याच चित्रपटाविरुद्ध साक्ष देणारा असा दुसरा नट मला तरी ठाऊक नाही. (आणि तोही पडद्यावरचा खलनायक!)

गुलाम मोहंमद मूळचे बिकानेरचे. तबला-ढोलकवर हुकमत, बरीच वर्षे नौशादांचे सहायक. 'पाकीझा' रखडत राहिला आणि १९६८ मध्येच ते गेले. पार्श्वसंगीत नौशादांनी पुरे केले. बाहुली मिळाली असती, तरी ती घ्यायला ते नव्हतेच.

यावर हेड कॅशियर शांतपणे म्हणत, "अहो, मग जयकिशन तरी कुठे होता?" तेही खरेच. जयकिशन सप्टेंबर १९७१ मध्ये गेला. शंकरने जोडनाव तसेच चालू ठेवले. आम्ही गेलेल्या माणसासाठी भांडत होतो तसेच तेही भांडत होते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

माझे मत मात्र बदललेले नाही. 'बेईमान'ची चाल मला आठवावी लागते, 'पाकीझा'ची आपोआप ओठांवर येते. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'लाही शंकर-जयकिशननीच मागे टाकले होते, 'दिल अपना और प्रीत पराई'च्या जोरावर. पण ती लढत तुल्यबळ होती. तिथे मी हेड कॅशियरांच्या बाजूचा. मदनमोहनला तर फिल्मफेअर एकदाही मिळाले नाही!

हेड कॅशियर निवृत्त झाले तेव्हा वर्गणी काढून आम्ही त्यांना सहा कॅसेट दिल्या : पाच शंकर-जयकिशनच्या आणि खोडी म्हणून एक 'पाकीझा'ची. काही महिन्यांनी ते पासबुक भरून घ्यायला आले. काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "ती सहावी टेप गुंतून तुटली हो. दुसरी कुठे मिळेल?"