रोज हजाराचा, महिना साडेबाराचा

लग्नाच्या बोलणीत मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहे म्हटलं की मुलीकडचे पुढचं विचारायला लागतात. मुलगा वायरमन आहे म्हटलं की आधी एकच प्रश्न येतो, ‘महिन्याला किती पडतात?’ मुलाचा चुलता नाहीतर मामा छातीठोक सांगतो, ‘रोजचे हजार कुठं गेले नाहीत.’ हजार गुणिले तीस, म्हणजे तीस हजार. कंपनीतल्या पंधरा हजारांच्या सरळ दुप्पट. मुलीचा बाप मान डोलावतो, पण त्याला ते खरं वाटत नाही. आणि त्याचा हिशेब मामापेक्षा पक्का असतो.

आपणही मांडून बघू. यातले आकडे समजुतीसाठी धरलेत. ज्याने त्याने आपापले घालावेत. वर्षाचे दिवस 365. बहुतेक गावांत आठवडे बाजाराला काम बंद, ते 52 गेले. सण, यात्रा, लग्नं, दहावे-तेरावे मिळून 25. पावसाने बांधकाम थांबतं ते 30. आजारपणाचे 10. आणि ‘सिमेंट आलं नाही, परवा या’, ‘मालक पुण्याला गेलेत’, ‘जरा येऊन बघून तर जा, किती खर्च येईल ते सांगा’ यात जातात ते 48. उरले 200 दिवस, म्हणजे दोन लाख रुपये.

आता खर्च. गावोगाव फिरायचं तर मोटारसायकलला दिवसाला 40 किलोमीटर काहीच नाही. न मिळालेल्या कामांच्या फेऱ्या धरून पेट्रोलचे वर्षाला 20 हजार. गाडीची सर्व्हिसिंग, टायर 6 हजार, मोबाइल 4 हजार. ड्रिल मशीन, कटर, त्यांचे कार्बन-ब्रश, हरवलेले पक्कड-टेस्टर यांचे 10 हजार. बुडालेली उधारी शंभराला पाच धरली तर आणखी 10 हजार. दीड लाख राहिले. बाराने भागा : महिना 12,500.

केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात 2022-23 मध्ये स्वयंरोजगारातल्या माणसाची सरासरी मासिक कमाई 13 हजारांच्या आसपास निघाली होती आणि नियमित पगारदाराची 20 हजारांच्या. त्यात शेतकरी आला, टपरीवाला आला, डॉक्टरही आला, त्यामुळे त्या सरासरीवरून एकट्या वायरमनचं काही सांगता येत नाही. तरी मामाच्या तीस हजारांपेक्षा ती बापाच्या शंकेच्या जास्त जवळ आहे.

कंपनीतला पंधरा हजारांचा पगारही तेवढाच नसतो. सगळं कायद्याप्रमाणे असेल तर मालक भविष्य निर्वाह निधीत 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये भरतो, ईएसआयसीचे 3.25 टक्के वेगळे. बोनसचा बारावा हिस्सा धरला की आकडा अठरा हजारांच्या जवळ जातो. स्वतःचं काम करणाऱ्याला दवाखान्याचा खर्चही स्वतःच्या खिशातून आणि दवाखान्यात गेलेला दिवसही स्वतःचाच. रोजचा दर ठरवताना किती जण हे धरतात?

तरीही माझ्या मते दर कमी असणं हे आपल्या नगर जिल्ह्यातल्या कारागिराचं मुख्य दुखणं नाही. दुखणं आहे उधारी.

राहुरी, नेवासे, श्रीरामपूर हा मुळा आणि भंडारदऱ्याच्या पाण्यावरचा ऊसपट्टा. इथल्या मोटार रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात मार्च-एप्रिलमध्ये जाऊन बसा. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी अपरात्री. रात्री उठायला नको म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ लावलेला असतो. वीज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदमच उठतात, व्होल्टेज पडतं, एखादा फेज जातो आणि कुणाची तरी मोटार जळते. मग ती बोअरमधून वर ओढायची, खोलायची, जळालेली तार कापून स्लॉट साफ करायचे आणि त्याच गेजची तार, वेढे मोजत, एकेका स्लॉटमधून ओवायची. मोजण्यात चूक झाली तर मोटार पुन्हा तापते आणि तेच काम दुसऱ्यांदा फुकट करावं लागतं. मजुरी एचपीवर ठरते, तार रोखीने आणावी लागते. जळकं तांबं बहुधा दुकानातच राहतं. ते मोडीत गेल्यावर हातात येणारे पैसे हाच कित्येकदा खरा नफा.

ऊस वाळत असतो, त्यामुळे शेतकऱ्याला मोटार आजच्या आज हवी असते. पैशाचं मात्र वहीत लिहिलं जातं. ‘दुधाच्या पगाराला’ असं लिहिलेलं सगळ्यात चांगलं, कारण डेअरीचं पेमेंट साधारण दहा दिवसांनी होतंच. ‘कांद्याची पट्टी आल्यावर’ हे घोडेगावच्या बाजारात त्या दिवशी भाव काय निघतो त्यावर. आणि ‘कारखान्याचं बिल पडल्यावर’ हे सगळ्यात लांबचं. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो पाळला किती जातो ते शेतकऱ्याला विचारा. शेतकऱ्याचे पैसे अडकले की मोटारवाल्याचे अडकतात, मोटारवाल्याचे अडकले की तारेच्या दुकानदाराचे.

यात फुकट काही नसतं. समजा लाखभर रुपये सहा महिने बाहेर अडकलेत आणि दुकान चालवायला पतसंस्थेकडून 14 टक्क्यांनी तेवढेच उचललेत. सहा महिन्यांचं व्याज झालं सात हजार. हे सात हजार कुठल्याही बिलात दिसत नाहीत. गावातला कारागीर हा नकळत बिनव्याजी सावकार झालेला असतो.

सुगीला मोबदला देण्याची ही रीत जुनीच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त (1915) बलुत्याची सगळी व्यवस्था वाचायला मिळते, आणि ती खालच्या बाजूने कशी दिसते हे आपल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (1978) लिहिलं. आजचा वायरमन तसा बांधलेला नाही, तो नाही म्हणू शकतो. पण भावकीतल्या, शेजारच्या, मतदानाला एका पॅनलमध्ये असलेल्या माणसाला नाही म्हणायचं कसं? शहरात, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये, काम झाल्याबरोबर फोनवरून पैसे जमा होतात. दर तोच असला तरी नगर शहरातल्या वायरमनच्या हातात जास्त उरतं ते यामुळे.

कमाई वाढवायची तर रोजंदारी सोडून उक्त्यावर जावं असं सगळे सांगतात. अर्धंच खरं आहे ते. समजा 80 पॉइंटचं घर, पॉइंटला 300 रुपये मजुरी, एकूण 24 हजार. हेल्परला रोज 500. काम 12 दिवसांत उरकलं तर त्याचे 6 हजार जाऊन स्वतःला दिवसाला 1,500 पडतात. पण घरमालकाने मध्येच कपाटाची जागा बदलली, पुन्हा झिऱ्या माराव्या लागल्या आणि 18 दिवस गेले, तर हेल्परला 9 हजार देऊन दिवसाला साडेआठशेही उरत नाहीत. म्हणजे रोजंदारी बरी. उक्त्यात पैसा त्यालाच सुटतो जो आधी कागदावर पॉइंट मोजून घेतो आणि वाढीव पॉइंटचे पैसे वेगळे सांगतो. ते सांगायला जी भीड वाटते तिची किंमत दोन-तीन हजारांत जाते.

एक कमाई अशी आहे जिच्याबद्दल मोठ्याने कुणी बोलत नाही. रंगाच्या डब्यात कारागिरासाठी टोकन असतं, वायरच्या बंडलात कूपन. दुकानदाराचं कमिशन वेगळं. मालकाला हे कळलं की तो चिडतो, पण त्यानेच मजुरीत दोनशे रुपये घासाघीस केलेली असते. मजुरी नीट दिली असती तर कारागिराने टोकनवाला डबा सुचवला असता का, हा प्रश्न मालकांनी स्वतःला विचारून बघावा.

फ्रीलान्सरचं गणितही वेगळं नाही. लग्नाच्या फोटोग्राफरला तुळशीच्या लग्नानंतर तारखा मिळायला लागतात आणि चातुर्मास लागला की संपतात. दाट तिथीला चार ऑर्डर येतात आणि तीन सोडाव्या लागतात. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. संगमनेरात बसून पुण्याच्या कंपनीचं डिझाइन करणाऱ्याच्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. कर बसत नसेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. लहान धंदेवाल्याला विवरणपत्र सोपं पडावं म्हणून उलाढालीच्या 8 टक्के, आणि पैसे बँकेतून आले असतील तर 6 टक्के, नफा धरून कर भरायची सोय आहे. तो आकडा अगदी कमीत कमी दाखवायचा मोह सगळ्यांनाच होतो. मग घरासाठी कर्ज मागायला गेलं की बँक तोच आकडा पुढे करते.

सरकारी मदतीतही एक गंमत आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, कुंभार वगैरे. अवजारांसाठी 15 हजार, 5 टक्क्यांनी आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज. यादीत वायरमन आणि प्लंबर नाहीत. त्यांना उद्यम नोंदणी करता येते आणि तिचा फायदा कंपनीचं काम करणाऱ्यांना होतो, कारण 2006 च्या कायद्याने नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. शेतकऱ्याच्या वहीवर हा कायदा काय करणार?

रिवाइंडिंगवाल्यांसमोर आता दुसरंच संकट आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला फक्त 10 टक्के हिस्सा भरून पंप मिळतो आणि पहिली पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादार कंपनीकडे. दिवसा, स्थिर विजेवर चालणारी मोटार जळतेही कमी. म्हणजे उन्हाळ्यातला हंगामच हातचा जाऊ लागला आहे. योजना 2024 मधली. पहिल्या पंपांची पाच वर्षं 2029 च्या पुढे-मागे संपतील. तोवर ज्याला सौर पंपाचा कंट्रोलर खोलून दुरुस्त करता येईल, त्याच्याकडे पुन्हा गिऱ्हाइकं येतील. बाकीच्यांनी घरगुती वायरिंग आणि इन्व्हर्टरची कामं आतापासूनच घ्यायला सुरुवात केली आहे.